काळा पाषाण, लाल रेती आणि जिल्ह्याची मिळकत

महाराष्ट्राचा खनिज-नकाशा उघडला की रंग दोन टोकांना गोळा झालेले दिसतात. पूर्वेला चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरचा कोळसा, नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज, गडचिरोलीत सुरजागडचे लोहखनिज. पश्चिमेला कोल्हापूर आणि कोकणातले बॉक्साइट. मधला मराठवाडा जवळपास कोरा. म्हणून मराठवाड्याला जमिनीखालची संपत्ती मिळालीच नाही, असा समज घट्ट बसला आहे.

हा समज नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत दररोज खोटा ठरतो. नागपूरहून नांदेड, लातूरमार्गे तुळजापूरकडे जाणाऱ्या महामार्गाखाली इथलीच गिट्टी आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या लोहमार्गाच्या भरावाला मुरूम लागतो आणि रुळांखाली खडी लागते. प्रत्येक घरकुल, शाळेची प्रत्येक खोली, पाझर तलावाचा प्रत्येक सांडवा दगड, वाळू, मुरूम आणि माती मागतो. कायदा यांना ‘गौण खनिजे’ म्हणतो. 1957 च्या खाणी आणि खनिजे कायद्यात इमारती दगड, खडी, साधी माती आणि साधी वाळू यांचा हा वेगळा गट आहे, आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये केंद्राने आणखी 31 खनिजे या गटात टाकली.

देशातल्या खनिज उत्खननाचे आर्थिक महत्त्व सांगताना आपण सहसा कोळसा, लोखंड, आता लिथियम यांची नावे घेतो. देशाच्या एकूण उत्पन्नात खाणकामाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास आहे. पण बांधकामाचा वाटा आठ टक्क्यांच्या घरात आहे, आणि ते सगळे बांधकाम दगड-वाळूवर उभे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2022 मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जग दरवर्षी सुमारे 5,000 कोटी टन वाळू आणि खडी वापरते. पाण्याखालोखाल माणूस सर्वाधिक वापरतो ती नैसर्गिक वस्तू हीच. नांदेड-लातूरची खाण म्हणजे याच दगड-वाळूची खाण, आणि तिचा हिशेब नीट मांडला तर मराठवाडा गरीब आहे की बेहिशेबी आहे, हा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावा लागतो.

पायाखालचे थर

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, टिकून आहे. लातूर जिल्ह्याखाली तो किती जाड आहे हे आपल्याला किल्लारीमुळे नेमके कळले. 1993 च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे 617 मीटर खोल विंधन घेतले. पहिले 338 मीटर बेसॉल्ट लागला, त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग अतिप्राचीन पट्टिताश्म. म्हणजे किल्लारीचा माणूस तीनशे मीटरहून जाड काळ्या दगडावर उभा आहे.

हा दगड घट्ट, जड आणि झीज सोसणारा. खडीसाठी याहून चांगला दगड मिळणे अवघड. वरून तो कुजत जातो तेव्हा आधी मुरूम होतो आणि शेवटी काळी कसदार जमीन होते. सोयाबीन, तूर, हरभरा पिकवणारी लातूरची काळी आणि रस्त्याच्या भरावाचा मुरूम ही एकाच पाषाणाची दोन वये आहेत.

बेसॉल्टमध्ये एक उणीव मात्र आहे. त्यात गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, जवळजवळ नसते. त्यामुळे त्याचा चुरा शेवटी चिकणमातीकडे जातो आणि टणक दाण्याची वाळू त्यातून कमी मिळते. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व कडेला चित्र पालटते. देगलूर, बिलोली, मुखेडच्या भागात लाव्हाचे पांघरूण संपते आणि खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. गोल गुळगुळीत धोंड्यांच्या टेकड्या तिथे दिसतात. ग्रॅनाइटमध्ये गारगोटी भरपूर असते आणि झिजल्यावर ती टणक, धारदार दाण्याची रेती होऊन ओढ्या-नाल्यांतून नदीला मिळते. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात उगम पावलेली मांजरा लातूर, बीदर आणि तेलंगणातून वळसा घेत उत्तरेकडे येते, देगलूर-बिलोलीच्या सीमेवरून वाहते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. येसगी, सगरोळीच्या पट्ट्यातली तिची लाल रेती सिमेंटच्या कामाला उत्तम म्हणून तेलंगणापर्यंत नावाजलेली आहे.

एकाच जिल्ह्यात असे दोन प्रकारचे भूगर्भ असणे ही आर्थिक दृष्टीने मोठी गोष्ट आहे. पश्चिमेला खडी, पूर्वेला रेती. काँक्रीटचे दोन मुख्य घटक एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर मिळतात.

स्वस्त पण जड

या व्यवहाराचे माप ब्रास. 100 घनफूट म्हणजे एक ब्रास, मेट्रिक हिशेबात 2.83 घनमीटर. वाळूच्या एका ब्रासचे वजन शासन साधारण साडेचार टन धरते. वजन इतके आणि मूळ किंमत इतकी कमी, की माल जितका लांब जाईल तितके भाडेच मालाच्या किमतीला गिळून टाकते. मँगनीज भंडाऱ्याहून देशाच्या दुसऱ्या टोकाच्या पोलाद कारखान्यात गेले तरी परवडते. गिट्टी मात्र शंभर किलोमीटरवर नेली की तिचा भाव क्रशरवरच्या भावापेक्षा वाहतुकीच्या दरावर ठरतो. त्यामुळे जवळची खाण हेच या खनिजाचे खरे मोल आहे.

लांबच्या मालाची काय किंमत पडते हे आपल्या शेजाऱ्यांनी अनुभवले आहे. नद्यांमधला उपसा थांबला आणि बांधकामे अडली, तेव्हा 2017 च्या सुमारास तमिळनाडूतील तूतुकुडी बंदरात मलेशियाहून नदीची वाळू उतरली. कर्नाटक शासनाच्या कंपनीनेही मलेशियाची वाळू आणून विकली. ज्या देशातून गोदावरी, कृष्णा, कावेरी वाहतात, त्या देशाने समुद्रापलीकडून वाळू आणावी, इतकी ही गरज निकडीची आहे.

आता जिल्ह्याच्या पातळीवरचा एक साधा हिशेब करू. एक किलोमीटर लांब, सात मीटर रुंद रस्ता घ्या आणि त्यावर 30 सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर द्या. 2,100 घनमीटर, म्हणजे 740 ब्रासच्या आसपास दगड लागला. ब्रासला 600 रुपये स्वामित्वधन, म्हणजे शासनाला द्यायची रॉयल्टी, धरले तर एका किलोमीटरमागे सरकारी तिजोरीत सुमारे साडेचार लाख रुपये आले. पण त्यापलीकडे जो पैसा फिरतो तो कितीतरी मोठा आहे. खडकात भोके पाडणारा ड्रिलवाला, परवाना असलेला सुरुंगवाला, पोकलेनचा चालक, क्रशरवरचे मजूर, हायवाचे चालक, टायर आणि वेल्डिंगची दुकाने, हमरस्त्यावरचे ढाबे, पुढे गवंडी आणि सेंटरिंगवाले. शेतीचा हंगाम सरला की रोख मजुरी देणारा हाच उद्योग गावाजवळ असतो. कोरडवाहू मुलखात त्याचे मोल अधिकच आहे, कारण पावसाने दगा दिलेल्या वर्षीही हे काम चालू राहते.

या साखळीच्या मुळाशी पिढ्यान्‌पिढ्या वडार समाजाचा घाम आहे. घण, पहार, सुतकी आणि छिन्नी यांच्या बळावर त्यांनी विहिरी खणल्या, बांध घातले, गावांच्या भिंती उभारल्या. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आणि कंधारचा किल्ला पाहिला की या भागातले दगडाचे कसब किती जुने आहे ते दिसते. यांत्रिक क्रशर आल्यावर हाताने खडी फोडण्याचे काम गेले. त्या हातांना यंत्रावरची कायमची नोकरी, धुळीपासून संरक्षण आणि आरोग्य तपासणी मिळाली पाहिजे होती. दगडाची धूळ फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. सुरुंग लावणाऱ्या दगडखाणीला खाणकामगारांच्या सुरक्षेचे कायदे लागू आहेत. पाण्याचे फवारे, मुखपट्टी आणि नोंदवलेली हजेरी यांचा खर्च खडीच्या भावात धरलाच पाहिजे. तो धरला नाही तर स्वस्त खडीची किंमत मजुराच्या घराला मोजावी लागते.

किल्लारीने शिकवलेले

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची जमीन हादरली आणि दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. भूकंपाची तीव्रता पाहता मृत्यूंचा आकडा फार मोठा होता, आणि त्याचे कारण घरांत होते. फुटलेल्या ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे हे घर हलले तेव्हा भिंतींचे दोन पदर सुटले आणि माळवद खाली आले.

दगड तोच होता, जो आजही महामार्गाखाली आहे. भिंतीच्या आरपार जाणारे सांधदगड नव्हते, दगडाला घडाई नव्हती, कोपरे एकमेकांत गुंफलेले नव्हते. पुनर्वसनात 52 गावे नव्या जागी वसली आणि जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या कार्यक्रमात इतर असंख्य घरांची मजबुती झाली. दोन जिल्ह्यांत एवढ्या थोड्या काळात इतके दगड, वाळू, सिमेंट आधी कधी लागले नव्हते.

खनिजाच्या अर्थशास्त्राला किल्लारीचा धडा असा आहे, की जमिनीतून काढलेल्या मालाचे मोल त्याला मिळणाऱ्या ज्ञानावर आणि कारागिरीवर ठरते. चाळलेली, धुतलेली, प्रतवारी केलेली वाळू आणि मातीमिश्रित वाळू यांच्यात एका घराच्या आयुष्याचा फरक असतो. म्हणून तालुक्यात गौण खनिजाची तपासणी करणारी प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित गवंडी असणे हा खाणव्यवसायाचाच भाग मानला पाहिजे.

पैसा कोणाच्या हातात जातो

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 48 प्रमाणे, अनुदानाच्या अटींत वेगळे म्हटलेले नसेल तर खनिजांचा हक्क राज्य शासनाकडे आहे. शेत आपले असले तरी त्यातला मुरूम विकायचा तर परवाना आणि स्वामित्वधन लागते. परवान्याविना उपसा झाल्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहन जप्तीची तरतूद याच कलमात आहे. गौण खनिजांच्या उत्खननाचे सविस्तर नियम 2013 चे आहेत. स्वामित्वधन हा कर आहे की खनिज वापरू दिल्याचा मोबदला, हा जुना वाद सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 25 जुलै 2024 रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने मिटवला: तो मोबदला आहे, आणि खनिज हक्कांवर वेगळा कर लावायलाही राज्ये मोकळी आहेत.

मोबदला म्हटला की तो कोणाच्या ठेव्याचा, हे ओघाने आले. दगड एकदाच निघतो. क्रशरशेजारच्या गावाला धूळ मिळते, रस्ते उखडतात, घरांना सुरुंगाचे हादरे बसतात. 2015 च्या दुरुस्तीने यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आणले. महाराष्ट्रात गौण खनिजाच्या स्वामित्वधनावर आणखी 10 टक्के रक्कम या प्रतिष्ठानाकडे जमा होते आणि ती खाणबाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षणावर खर्चायची असते. वरच्या हिशेबातल्या एका किलोमीटर रस्त्यातून या निधीत साधारण 45 हजार रुपये आले. जिल्ह्यात शेकडो किलोमीटर रस्ते होतात, तेव्हा ही रक्कम गावाचे जलशुद्धीकरण यंत्र आणि दवाखान्याची औषधे सहज भागवू शकते. पण हा पैसा आपल्या गावाचा आहे हे ज्या ग्रामसभेला ठाऊक असेल, तीच तो मागेल.

किनवट भागातल्या आदिवासी गावांचा हक्क याहून पुढचा आहे. तिथली गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. 1996 च्या पेसा कायद्याप्रमाणे तिथे गौण खनिजाचा पट्टा किंवा लिलाव देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घ्यावी लागते. गोंड, कोलाम, आंध यांच्या गावांत खाणीवरचा पहिला शब्द गावाचा असावा, ही तरतूद कागदावर राहता कामा नये.

नदीतली तिजोरी

दगडापेक्षा अवघड प्रश्न वाळूचा. नांदेड शहराजवळ गोदावरीच्या पात्रात तराफे उतरतात, बुडी मारून वाळू काढली जाते, सक्शन पंप लागतात. महसूल पथके तराफे जाळतात, इंजिने जप्त करतात आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. तराफ्यावरचा मजूर बहुधा परमुलखातून पोटासाठी आलेला असतो. नफा त्याच्याकडे जात नाही, धोका मात्र त्याचा. तपासणीला गेलेल्या तलाठी-तहसीलदारांवर वाहने घातल्याच्या घटना महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. वैध मार्गाने माल पुरेसा मिळत नाही आणि मागणी थांबत नाही, तेव्हा मधली जागा दांडगाई घेते.

शासनाने धोरणे वारंवार बदलून पाहिली. 2023 मध्ये शासकीय डेपोतून 600 रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आले. 2025 मध्ये ते मागे घेऊन लिलावाची पद्धत पुन्हा आणली आणि घरकुलाच्या लाभार्थ्याला पाच ब्रास वाळू मोफत देण्याचे ठरले. वाहनांना जीपीएस आणि ‘महाखनिज’ प्रणालीतून ऑनलाइन पास ही व्यवस्थाही आहे. ही सगळी पावले विक्रीच्या बाजूची. नदी किती देऊ शकते, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

नदीत वाळू दरवर्षी नव्याने येते, पण वरच्या अंगाला धरणे-बंधारे झाल्यावर ती अडते. गोदावरीवर पैठणचे नाथसागर, नांदेडजवळ विष्णुपुरी, मांजरावर धनेगावचे धरण आणि बंधाऱ्यांची मालिका. येणे आटले आणि नेणे वाढले, तर ठेव संपणारच. 2012 मध्ये दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गौण खनिजाच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक केली. ऑगस्ट 2025 मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की नदी किती वाळू भरून काढते याचा अभ्यास नसलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल ग्राह्य नाही.

या अभ्यासाला लातूरपेक्षा निकडीचे कारण कुठे नसेल. धनेगावचे धरण कोरडे पडले आणि 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून दहा टाक्यांची पाण्याची रेल्वे लातूरला आली. त्यात सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. आता वाळूचे गणित पाहा. वाळूच्या थरात साधारण तीस टक्के पोकळी असते. एका ब्रासमध्ये साडेआठशे लिटरच्या आसपास पाणी मावते. त्यातले सगळे विहिरीत उतरत नाही, पण जागा तेवढी असते आणि दर पुराला ती पुन्हा भरते. म्हणजे सहाशे ब्रास वाळू नेली, की त्या रेल्वेएवढी साठवण गेली. सहाशे ब्रासचे स्वामित्वधन 3 लाख 60 हजार रुपये. मिरजेहून 340 किलोमीटर पाणी आणण्याचा खर्च, काठच्या शेतकऱ्याने विहीर आणखी खोल घेण्याचा खर्च आणि जास्त अश्वशक्तीच्या मोटारीचे बिल या बाजूला मांडले, तर वाळूचा खरा भाव 600 रुपये नाही हे लगेच समजते.

पर्याय आहेत

उपसा बंद करा, एवढे म्हणून घरे बांधून होत नाहीत. सुदैवाने मराठवाड्याच्या पायाखाली पर्याय पडून आहे. बेसॉल्ट योग्य यंत्रावर दळून, चाळून, बारीक भुकटी धुऊन काढली की कृत्रिम वाळू, एम-सँड, मिळते. तिचा दाणा आणि प्रत ठरवून ठेवता येते. राज्याच्या 2025 च्या धोरणात प्रत्येक जिल्ह्यात 50 एम-सँड प्रकल्पांना प्रोत्साहन आणि ब्रासमागे 600 ऐवजी 200 रुपये स्वामित्वधन अशी सवलत आहे. ज्या काळ्या पाषाणातून नदीची टणक वाळू फारशी मिळत नाही, त्याच पाषाणापासून कारखान्यात ती करता येते. परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटांनीही शेतातली सुपीक माती भट्टीत जाण्यापासून वाचते. पाडलेल्या इमारतींचा मलबा दळून पुन्हा वापरणे हा तिसरा मार्ग आहे, आणि वाढत्या नांदेड-लातूर शहरांत तो उद्योग म्हणून उभा राहू शकतो.

दगडखाणीसाठीही नियम साधे आहेत. गावठाण, शाळा आणि विहिरीपासून अंतर, पायऱ्यापायऱ्यांनी खोदकाम, संपलेल्या खड्ड्याला कुंपण आणि पुढे पाणीसाठा किंवा मत्स्यपालनासाठी त्याचा उपयोग. उघडे, उभ्या कडांचे खड्डे सोडून जाणाऱ्या पट्टेधारकाची अनामत परत देऊ नये.

दर मार्चअखेर जिल्ह्यांची गौण खनिज वसुली उद्दिष्टाशी ताडून पाहिली जाते. त्या आकड्याच्या शेजारी आणखी चार रकाने हवेत: वर्षभरात किती ब्रास निघाले, नदीने किती परत भरले, खनिज प्रतिष्ठानातून बाधित गावांना किती मिळाले आणि काठच्या विहिरींची पातळी किती खाली-वर झाली. हे चारही आकडे मोजणे तलाठी, भूजल सर्वेक्षण यंत्रणा आणि ग्रामपंचायत यांच्या आवाक्यातले आहे. ग्रामसभेत ते वाचले गेले, तर नांदेड-लातूरचा शेतकरी आपल्या पायाखालच्या संपत्तीचा हिशेब स्वतः मागू शकेल. मराठवाड्याला खनिज नाही असे मग कोणी म्हणणार नाही, आणि ते फुकट नेण्याची सवयही मोडेल.